रॉक शोला जाताय? आधी बूट दाखवा

माझी भाची परवा फोनवर ओरडली, "मावशी, तिकीट मिळालं!" मी विचारलं, "बूट कुठले घालणारेस?" पलीकडे शांतता. तिला वाटलं मावशीला नीट ऐकू आलं नाही. ऐकू येण्या-न येण्याचा विषय तसा महत्त्वाचा आहे, त्याकडे येतेच. पण आधी बूट. आवडत्या बँडला बघायला गेलेला माणूस स्टेजकडे जितका वेळ बघतो, त्याच्या चौपट वेळ नुसता उभा असतो.

आता मी कोण सांगणारी? राहते डोंबिवलीत, नोकरी बँकेत, वय सेहेचाळीस. आयर्न मेडन बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात पाहिले, १ फेब्रुवारी २००८ला. मेटॅलिका बंगळूरला, ३० ऑक्टोबर २०११. यूटू नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, १५ डिसेंबर २०१९. कोल्डप्ले तिथेच, २१ जानेवारी २०२५. आणि त्याच वर्षी १७ मेला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस. पाच शो म्हणजे काही फार नाही, मला ठाऊक आहे. पण पाचही वेळा काही ना काही चुकलं आणि दर वेळी ते माझंच चुकलं. बँड दोन तास वाजवतो आणि ते काम चोख करतो. दिवसाचे उरलेले तास सांभाळणं हे आपलं काम, आणि त्यात आपण कच्चे.

खरं तर मला कच्चं असायचं कारण नव्हतं. माझे बाबा सवाईचे, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचे वारकरी. रमणबागेत सवाई व्हायचं तेव्हापासूनचे. डिसेंबर आला की त्यांची पिशवी दाराशी तयार: सतरंजी, मफलर, थर्मास, डब्यात गूळपोळी, बॅटरी. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे आणि ते मला तीन गोष्टी बजावून सांगायचे. पोटभर खाऊन बसायचं. साउंडवाल्याच्या आसपास बसायचं. आणि निघायची वाट आधी बघून ठेवायची. रॉक शोला त्यांच्या पिशवीतली एकही वस्तू गेटच्या आत सोडत नाहीत. तिन्ही सूचना मात्र जशाच्या तशा लागू पडतात. हे कळायला मला सतरा वर्षं लागली.

तिकीट

कोल्डप्लेची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ला, रविवारी दुपारी बाराला सुटली. ऐन पितृपक्षात. सासूबाई म्हणाल्या, या दिवसांत कुणी खरेदी करतं का. मी म्हटलं, वस्तू जानेवारीत मिळणारे. बाराला पाच मिनिटं कमी असताना मी, नवरा आणि भाची तीन फोन घेऊन बसलो. ॲप आधी बंद पडलं, मग सुरू झालं आणि मला रांगेतला नंबर दाखवला तो सहा लाखांच्या पुढचा. डोंबिवली स्टेशनवर सकाळी सव्वाआठला मी जी गर्दी बघते ती या आकड्यापुढे काहीच नाही. त्याच दिवशी तिसरा शो जाहीर झाला, तोही डोळ्यांदेखत संपला. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं होती आणि संध्याकाळपर्यंत तीच कुठे कुठे लाखाच्या भावाने विकायला निघाली होती.

यातून शिकण्यासारखं एवढंच: ॲपमध्ये आदल्या रात्रीच लॉगिन करा, नाव-पत्ता-मोबाइल भरून ठेवा, पैसे कुठून द्यायचे ते ठरवा. बँकेतली आहे म्हणून सांगते, ओटीपीवर विसंबू नका. लाखो लोक एकाच मिनिटाला ओटीपी मागतात तेव्हा तुमचा मेसेज येईपर्यंत खिडकी बंद होते. यूपीआयवरून द्यायचे असतील तर त्या खात्यात पैसे आहेत ना आणि दिवसाची मर्यादा किती आहे ते आधी बघा. कित्येक शोंची तिकिटं एखाद्या बँकेच्या कार्डधारकांना एक-दोन दिवस आधी मिळतात. घरात, शेजारी, ऑफिसात कुणाकडे ते कार्ड आहे का विचारायला लाजू नका. आपण एरवी गॅसचा सिलिंडरसुद्धा मागतो.

नाही मिळालं तर काळ्या बाजारात जाऊ नका. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवा, व्यवहाराचं सांगते. क्यूआर कोड म्हणजे एक चित्र आहे. तेच चित्र विकणारा दहा जणांना पाठवू शकतो आणि गेटवर पहिला पोचेल तो आत जातो. उरलेले नऊ जण बाहेर उभे राहून नुसता बेस ऐकतात. त्यापेक्षा थांबा. शो जवळ आला की जास्तीची तिकिटं निघतात, कारण स्टेज कुठे, खांब कुठे हे नक्की झाल्यावर आधी राखून ठेवलेल्या जागा मोकळ्या होतात. कोल्डप्लेने तर 'इन्फिनिटी' नावाची दोन हजार रुपयांची तिकिटं नोव्हेंबरात काढली. जोडीनेच घ्यायची, आणि जागा कुठली ते आधी सांगणार नाहीत. मला आणि भाचीला ती मिळाली. सहा लाखांच्या रांगेतून जे झालं नाही ते दोन महिने गप्प बसून झालं.

उभ्याचं घ्यावं की बसायचं? पंचविशीत असाल आणि बँड जिवापाड आवडत असेल तर उभ्याचं. त्याला कागदोपत्री 'जीए' (जनरल ॲडमिशन), 'फॅन पिट' वगैरे नावं असतात. उंची माझ्यासारखी पाच फूट एक इंच असेल तर मात्र हे ध्यानात ठेवा की मैदानात तुम्हाला गायक कमी आणि समोरच्याचं टी-शर्ट जास्त दिसणार. मेडनच्या वेळी मी पहिला तासभर एका मुलाच्या पाठीवरचं चित्र पाठ केलं. बँडचंच चित्र होतं, ही त्यातल्या त्यात सोय.

परगावचा शो असेल तर

मेटॅलिकाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २०११ची दिवाळी. पहिला शो गुरगावला, २८ ऑक्टोबरला, म्हणजे नेमका भाऊबीजेच्या दिवशी. दुसरा बंगळूरला रविवारी. माझ्या मैत्रिणीचा भाऊ ओवाळून घ्यायचं सोडून दिल्लीच्या गाडीत बसला. तिथे शो सुरू व्हायच्या वेळी तो दुसऱ्या दिवशीवर ढकलल्याचं जाहीर झालं, लोक भडकले, बॅरिकेड तोडून स्टेजवर चढले, मोडतोड झाली आणि मग शो रद्दच झाला. मेटॅलिका नाही, भाऊबीज नाही, परतीचं रिझर्व्हेशन परवाचं. बहिणीने पुढे सहा महिने त्याला ऐकवलं.

मी बंगळूरचं तिकीट काढलं होतं यात माझी हुशारी काही नव्हती, उद्यान एक्स्प्रेसला कल्याणहून बसता येतं एवढंच कारण. पण तेव्हापासून एक नियम केला. परगावच्या शोला शोच्या दिवशी पोचायचं नाही आणि शो संपल्यावर त्याच रात्री निघायचं नाही. राहायची सोय अशी बघायची की रद्द केली तर पैसे परत मिळतील. आणि त्या गावात शोखेरीज आणखी एक काम ठेवायचं. मी बंगळूरला माझ्या मामेबहिणीकडे फराळ पोचवायचं काम घेतलं होतं. शो झाला नसता तरी चकल्या वाया गेल्या नसत्या. चौदा वर्षांनी कोल्डप्ले अहमदाबादला गेले तेव्हा पश्चिम रेल्वेने वांद्र्याहून खास गाड्या सोडल्या. म्हणजे रेल्वेलाही आता रॉक शो हा यात्रेसारखा प्रकार वाटायला लागलाय. तरी खास गाडी सुटेल या भरवशावर राहू नका. शोची तारीख कळली की त्याच दिवशी साध्या गाडीचं रिझर्व्हेशन करून टाका.

आता बूट

जुने, पायाला बसलेले, पुढून बंद, तळ जाड. नाडी दोनदा गाठ मारून. नवे बूट नकोत, चप्पल-सँडल अजिबात नको, पांढरे तर मुळीच नको. बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सच्या मातीच्या मैदानात माझ्या डाव्या बुटाचा तळ संध्याकाळी पाचलाच सुटला. मी तो केसांच्या दोन रबरांनी बांधला आणि तसाच रात्री दहापर्यंत चालवला. त्या दिवसापासून मनगटात दोन रबरं जास्तीची असतात. चष्मा असेल तर मागून दोरी लावा. हरवलेला चष्मा पन्नास हजार पायांखाली शोधता येत नाही.

कपडे सुती. काळा टी-शर्ट घालायचाच असतो, ते मान्य. पण गन्स अँड रोझेस मेच्या मध्यावर होते, मुंबईत, उघड्या रेसकोर्सवर. काळा टी-शर्ट आणि मुंबईचा मे यांचं जमत नाही. सातपर्यंत ऊन, त्यानंतर दमट उकाडा. दुपारपासून थोडं थोडं पाणी पीत राहा, घरातून निघताना लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस घ्या. आत गेल्यावर तहान लागली की मग पिणार असं केलंत तर उशीर झालेला असतो, कारण पाण्यापर्यंत जाऊन यायला अर्धा तास आणि मिळवलेली जागा, दोन्ही जातात.

खाण्याचं बाबांचंच ऐका. पोटभर, पण तिखट-तळलेलं नको. मी वरण-भात खाऊन निघते. लोक हसतात. आतमध्ये सव्वाशे-दीडशे रुपयांना जे काही मिळतं ते खाऊन बघा आणि मग हसा. गेटबाहेर उभं राहून संपवायला पोळीचा लाडू किंवा दशमी बरी. आत पैसे बहुधा रोख चालत नाहीत, मनगटाला पट्टी बांधतात, तिच्यात पैसे भरायचे. बेताने भरा.

दहाचा काटा

हे एक गणित कुणी सांगत नाही. परदेशातल्या शोंचे व्हिडिओ बघून आपल्याला वाटतं बँड रात्री नऊ-साडेनऊला येणार, मध्यरात्रीपर्यंत चालणार. आपल्याकडे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते आणि ते दिवस बहुतेक सणावारांतच संपतात. याच नियमापायी रात्रभर चालणारं सवाई आटोपशीर झालं, आणि बाबा पहाटेच्या रागांच्या आठवणी काढत राहिले. धोबी तलावचं रंगभवन, जिथे एकेकाळी आय-रॉक नावाचा रॉक महोत्सव भरायचा आणि मुंबईची अख्खी पिढी रॉक ऐकायला शिकली, तेही असंच गप्प झालं. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्र.

तेव्हा उलटं मोजा. दहाला बंद म्हणजे मुख्य बँड पावणेआठ-आठच्या सुमाराला स्टेजवर. त्याआधी एक-दोन बँड. गेट दुपारी उघडतं. "आठला आहे ना, सातला पोचू" म्हणणारे लोक पहिली तीन गाणी गेटच्या रांगेत ऐकतात. मेडनच्या वेळी मी तशीच होते. ऑफिसात सत्यनारायणाचं कारण सांगून अर्धा दिवस रजा टाकली, तरी कुर्ल्याहून रिक्षा मिळेपर्यंत तास गेला. तो शो त्यांच्या जगाच्या दौऱ्यातला पहिलाच. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक, तोच बोइंग ७५७ चालवत बँडला आणि सगळ्या सामानाला घेऊन मुंबईत उतरला होता. तो विमान घेऊन वेळेवर पोचला आणि मी कुर्ल्याहून नाही.

गेटवर काय अडवतात: पाण्याची बाटली, छत्री, सेल्फी स्टिक, लायटर, मोठी बॅग, अत्तराची बाटली, कधी पॉवर बँकसुद्धा. यादी तिकिटासोबत येते, ती वाचा. वस्तू परत मिळतील अशी आशा ठेवू नका. माझी एक चांगली स्टीलची बाटली नेरूळच्या गेटपाशी ढिगाऱ्यात गेली. तिकिटाचा क्यूआर आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, कारण हजारो लोक जमले की नेटवर्क मरतं. सोबतच्यांशी भेटायची जागा फोन चालू असतानाच ठरवा, आणि ती खूण अशी हवी की अंधारात हलणार नाही. "त्या झेंड्यापाशी" म्हणू नका. झेंडा कुणाच्या तरी हातात असतो.

उभं कुठे राहायचं

बाबांची दुसरी सूचना. मैदानाच्या मधोमध, स्टेजपासून बऱ्यापैकी मागे, एक मांडव असतो. आत मिक्सरवर माणसं बसलेली असतात. संपूर्ण शोचा आवाज ती माणसं स्वतःच्या कानाने तिथे बसून जुळवतात. त्यांना जे चांगलं वाटतं तेच तिथे चांगलं ऐकू येतं. त्या मांडवाच्या थोडं पुढे, शक्य तितकं मध्ये. मांडवाला कठडा असतो, टेकायला मिळतं, आणि मागून ढकलायला कुणी नसतं. बायकांना मी हीच जागा सांगते. कुणी मुद्दाम लगटलं तर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला आणि दोन पावलांवर तिथला माणूस असतोच.

अगदी पुढे, बॅरिकेडला चिकटून उभं राहिलं की गायकाचा घाम दिसतो, हे खरं. पण गाणं धड ऐकू येत नाही. वर टांगलेल्या स्पीकरचा रोख तुमच्या डोक्यावरून मागे असतो आणि जमिनीवरचे बेसचे ठोकळे थेट पोटात घुसतात. उलट फार मागे गेलात तर दुसरी गंमत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्ही शंभर मीटरवर असाल तर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाने ऐकू येते. म्हणून मोठ्या मैदानात मध्येमध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांना मुद्दाम तेवढाच उशिरा आवाज सोडतात, म्हणजे पुढून येणारा आणि मनोऱ्यातला एकत्र पोचतो. मागे उभं राहायची वेळ आलीच तर असल्या मनोऱ्याच्या समोर राहा. आणि स्टेडियममधली बसायची जागा असेल तर छताखालच्या शेवटच्या ओळी टाळा. तिथे आवाज घुमतो, शब्द एकमेकांवर चढतात.

कान

इथे थोडी थांबते, कारण इथे मी किंमत मोजली आहे. मेडनच्या शोमध्ये, उशिरा पोचल्यामुळे, मला जागा मिळाली ती डाव्या स्पीकरांच्या भिंतीसमोर. तेव्हा वाटलं, वा! शो संपल्यावर सगळं जग कापूस घातल्यासारखं. घरी पोचले तर कानात बारीक शिट्टी. दुसऱ्या दिवशीही शिट्टी. तिसऱ्या दिवशी कॅश काउंटरवर ग्राहक बोलतोय आणि मी त्याचे ओठ वाचतेय. चौथ्या दिवशी कमी झाली. पण अजूनही रात्री पंखा बंद केला की डाव्या कानात ती असते. झोप मोडत नाही, पण असते.

हिशोब असा. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं कामगारांच्या आरोग्याचे नियम करणारे धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा तास, १००ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जे मानक काढलं, त्यात सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. म्हणजे नियम पाळणाऱ्या शोमध्येसुद्धा उघड्या कानांची मुदत दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यालाच संपते.

उपाय स्वस्त आहे. औषधाच्या दुकानात फोमचे इअर प्लग मिळतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने तीसेक सेकंद धरून ठेवायचे. बहुतेक लोक नुसते कानाच्या तोंडाशी खोचतात आणि म्हणतात काही उपयोग नाही. फोमचा एक दोष आहे: बारीक, तीव्र आवाज जास्त अडवतो, त्यामुळे झांजा मेल्यासारख्या वाटतात. वाजवणाऱ्यांसाठीचे वेगळे प्लग मिळतात, त्यांत गाळणी असते. ते सगळेच सूर सारखे कमी करतात. मी ते यूटूच्या आधी घेतले. पहिल्या गाण्याला वाटलं चुकलं, चौथ्याला लक्षात आलं की प्रत्येक शब्द कळतोय. ए. आर. रहमान आपल्या मुलींना घेऊन स्टेजवर आले तेव्हा आजूबाजूच्या किंकाळ्या बाहेर राहिल्या आणि गाणं आत आलं. त्याच आठवड्यात बाबा पुण्यात सवाईला होते. फोनवर त्यांना सांगितलं, कानात बोळे घालून ऐकलं. म्हणाले, मग गेलीसच कशाला. समजावून सांगितल्यावर म्हणाले, अस्सं होय. पटलं नव्हतं.

लहान मुलांना नेणार असाल तर आधी वयाची अट वाचा, आणि प्लग नव्हे, कानांवर पूर्ण बसणारे मफ घ्या.

गर्दी

मेटॅलिकासारख्या शोला मध्ये अचानक गोल रिंगण तयार होतं आणि पोरं एकमेकांवर आदळायला लागतात. त्याला मॉश पिट म्हणतात. बाहेरून मारामारी वाटते, पण तिला नियम आहेत: कुणी पडला की सगळे थांबतात आणि त्याला आधी उचलतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि गोविंदांच्या थरांखालीही हेच पाहिलंय. नको असेल तर रिंगणाच्या कडेला उभं राहून हात पुढे धरू नका, सरळ पंधरा पावलं बाजूला व्हा.

खरी भीती पिटची नसते, दाटीची असते. लोक इतके जवळ आले की हात वर करता येत नाही, तीच तिथून बाहेर पडायची वेळ, आणि ती गाणं आवडतं आहे की नाही हे बघून ठरवू नका. अडकलातच तर दोन्ही हात मुठी करून छातीसमोर धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेच्या विरुद्ध जोर लावू नका. ती जाऊ द्या, थांबली की तिरकं, कडेकडे सरका. पडलेला फोन उचलायला वाकू नका. फोन पुन्हा घेता येतो.

फोनवरून आठवलं. एक गाणं रेकॉर्ड करा, पाहिजे तर दोन. मी मेडनचे सतरा व्हिडिओ घेतले होते, त्या काळच्या फोनवर. एकातही काही दिसत नाही, नुसता खरखराट, आणि मध्ये माझंच ओरडणं. कोल्डप्लेला दिव्यांची मनगटपट्टी देतात, ती लांबून रिमोटने चालवतात, सगळं स्टेडियम एकदम पिवळं होतं. त्या क्षणी भाची फोनमधून बघत होती. मी तिचा हात खाली केला. रागावली. पट्टी जाताना परत द्यायची असते, तीही तिला द्यायची नव्हती. मावशीगिरी करून द्यायला लावली.

गाणी आधी बघून जावीत का, यावर माझ्या घरात दोन तट आहेत. हल्ली आधीच्या शहरात काय वाजलं ते नेटवर त्याच रात्री येतं. नवरा यादी पाठ करून जातो. मी फक्त शेवटचा अल्बम चार वेळा ऐकून जाते. बँड नवीन गाणी वाजवणारच, आणि ती ओळखीची नसली की नेमकं तेव्हाच लोक बाथरूमला जातात. माझं ऐकाल तर बाथरूमला आधीच्या बँडच्या वेळी जा.

परतीची वाट

बाबांची तिसरी सूचना, आणि हिच्यात मी आता पक्की आहे. आत जाताना मागे वळून गेट नीट बघून ठेवा, रात्री ते वेगळंच दिसतं. लोकलचं तिकीट जातानाच रिटर्न काढा. शेवटच्या दोन-तीन गाड्यांच्या वेळा एम-इंडिकेटर ॲपवर बघून कागदावर लिहा. हो, कागदावर. फोनची बॅटरी तेव्हा चार टक्के असते. टॅक्सीच्या भरवशावर राहणारे लोक दोन-दोन तास रस्त्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसतात.

नेरूळचं सांगते, कारण मोठे शो तिथे होतात. स्टेडियम नेरूळ आणि जुईनगर स्टेशनांच्या मध्ये, सायन-पनवेल हायवेला लागून आहे. सुटल्यावर निम्मी गर्दी हार्बरच्या फलाटावर जाते. ठाणे-कल्याणकडच्यांनी तिकडे जाऊन कुर्ल्याला बदलायची गरज नाही, ठाण्याची गाडी थेट आहे. ती पनवेलकडून येते आणि आधी नेरूळ घेते, मग जुईनगर. म्हणजे जुईनगरला उभं राहिलात तर डबा भरून आलेला मिळणार. पाय चालत असतील तर नेरूळच बरं. काही गाड्या तर तिथूनच सुटतात, त्यांत बसायलाही मिळतं. महालक्ष्मीला सगळे स्टेशनच्या पुलाकडे धावले तेव्हा मी उलट दिशेने चालत करी रोडला गेले आणि सेंट्रलची स्लो पकडली. अर्धा-पाऊण तास चालणं झालं, पण चालताना निदान हवा होती.

घरी गेल्यावर कोमट पाण्यात मीठ टाकून पाय सोडा. दुसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावू नका, व्हिडिओ बघायचे तर आवाज बारीक ठेवून. शिट्टी दोन दिवसांनंतरही थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा, माझ्यासारखं लांबवू नका. आणि रजा शोच्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवसाची टाका. सत्यनारायणाचं कारण एकदाच चालतं.

हे लिहीत होते तेवढ्यात भाचीने बुटांचा फोटो पाठवला. कोरे, पांढरे, दोन इंच टाचेचे. खाली लिहिलंय, "मावशी, कसे आहेत?" लावते तिला फोन.